जुन्या वस्तूंची विक्री आणि लबाड गिऱ्हाईक

(शिक्षकांच्या संमेलनासाठी भाषण)

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. प्राथमिक शिक्षकाचे ते टेम्पोत असते, एवढाच काय तो फरक. बदलीचा आदेश हाती पडला की घरातील प्रत्येक वस्तूकडे शिक्षक निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. कोणती बरोबर न्यावयाची, कोणती शेजाऱ्यास द्यावयाची आणि कोणती विकून टाकावयाची, याचा खल घरात सुरू होतो. लोखंडी कपाट, शिलाईयंत्र, मुलगा शहरात शिकावयास गेल्यामुळे पडून राहिलेली सायकल, दहा वर्षे वापरलेली मोटारसायकल, नवा घेतल्यामुळे फडताळात जाऊन पडलेला जुना मोबाइल, अशा वस्तूंना पूर्वी गावातच गिऱ्हाईक मिळत असे. पिठाच्या गिरणीवर किंवा एस.टी.च्या थांब्यावर शब्द टाकला की आठवड्यात कोणीतरी दारात येऊन उभे राही. आता वस्तूचे छायाचित्र काढून ते ओएलएक्ससारख्या संकेतस्थळावर, फेसबुकच्या बाजारात किंवा तालुक्याच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकले जाते आणि तासाभरात फोन वाजू लागतात.

ही सोय मोठी आहे. गावात ज्या सायकलीला कोणी विचारीत नाही, तिला तीस कोसांवरचे गिऱ्हाईक मिळते आणि चार पैसे अधिक येतात. परंतु ज्या गिऱ्हाइकाचे तोंड दिसत नाही, गाव ठाऊक नाही आणि ज्याला ओळखणारे मध्ये कोणी नाही, त्याच्याशी व्यवहार करण्याची सवय आपल्या समाजाला अद्याप जडलेली नाही. लबाडी नेमकी या फटीतून आत येते.

बैलबाजारातील गिऱ्हाईक कसे वागते ते ग्रामीण शिक्षकाला सांगावयास नको. ते बैलाचे दात पाहते, चार पावले चालवून पाहते, पाठीवर थाप मारते, नसलेली खोड काढते, उठून जाते, पुन्हा येते. मग रुमालाखाली बोटे धरून दलालामार्फत भाव ठरतो आणि विसार हातावर पडतो. या साऱ्या खटाटोपात वेळ जातो खरा, पण त्यातून विकणाऱ्याला एक गोष्ट कळून चुकते: समोरच्याला बैल खरोखरच हवा आहे. ज्याला वस्तू हवी असते तो तिची चौकशी करतो. ज्याच्या खिशातून पैसे जावयाचे असतात तो घासाघीस करतो. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचाही मूळ कल असाच आहे की सामान्यतः घेणाऱ्याने वस्तू पारखून घ्यावी. फसण्याची भीती आजवर प्रामुख्याने घेणाऱ्याला होती, म्हणून सावधगिरीही त्यालाच शिकविली गेली. विकणारा निर्धास्त असे. त्याची वस्तू त्याच्या घरात असे आणि पैसे हाती आल्याखेरीज ती उंबरठ्याबाहेर पडत नसे.

वस्तू घरातच आहे आणि तरीही विकणारा लुबाडला गेला, हा प्रकार नवा आहे. तो कसा घडतो हे समजण्यासाठी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

समजा, एका गुरुजींची बदली झाली आहे. घरात लोखंडी कपाट आहे. ते नव्या गावी नेण्याचा खर्च कपाटाच्या किमतीच्या निम्म्याने होतो, म्हणून ९,५०० रुपयांस ते विकावे असे ठरते. त्या पैशांतून नव्या घराची अनामत द्यावयाची आहे. रात्री छायाचित्र टाकले जाते. सकाळी परिपाठाच्या आधी फोन येतो. बोलणारा हिंदीतून बोलतो, अत्यंत नम्र असतो. “सर, मैं फौजी आदमी हूँ,” तो सांगतो. त्याची नुकतीच जवळच्या छावणीत बदली झाली आहे, कुटुंब यावयाचे आहे, कपाट तातडीने हवे आहे. स्वतः येणे शक्य नाही. लष्कराची गाडी येऊन घेऊन जाईल. किंमत? किंमत मान्य आहे. पैसे आताच पाठवितो. पाठोपाठ ओळखपत्राचे आणि गणवेशातील छायाचित्र येते.

गुरुजींचा विश्वास बसतो यात नवल नाही. साताऱ्याकडील कित्येक घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसे सैन्यात गेली. अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ ही उपाधीच चिकटली आहे. फौजी म्हटला की शब्दाचा पक्का, ही खेड्याची समजूत आहे आणि ती खोटीही नाही. लबाडाने ती बरोबर हेरली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली लोकांच्या माहितीसाठी जी पुस्तिका काढली, तीत विक्रीच्या संकेतस्थळांवरील फसवणुकीचे वर्णन करताना सैन्यातील माणूस असल्याची बतावणी आवर्जून नोंदविली आहे. ओळखपत्राचे छायाचित्र दुसऱ्या कोणाचे तरी चोरलेले असते, किंवा बनविलेले असते. कपाट विकणाऱ्याला ओळखपत्राची मुळी गरजच काय? पैसे देणाऱ्याने आपण कोण हे सिद्ध करण्याचे कारण नसते. त्याने पैसे द्यावेत. जो न मागता ओळखपत्र दाखवितो, त्याला काहीतरी निराळे घ्यावयाचे आहे असे समजावे.

पुढे तो म्हणतो, “सर, पहिल्यांदा पाच रुपयांची चाचणी करू. लष्कराच्या खात्यातून पैसे येतात, त्याची पद्धत वेगळी आहे.” तो क्यूआर कोडचे चित्र पाठवितो. गुरुजींनी ते स्कॅन करावे आणि आपला पिन टाकावा. गुरुजी तसे करतात. पाच रुपये खात्यातून जातात. पण लगेच दहा रुपये जमा होतात. गेलेले पाच मनात राहत नाहीत, आलेले दहा राहतात. कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि पैसे आले, अशी खूणगाठ बांधली जाते. सारा डाव या पाच रुपयांत आहे. यानंतर ९,५०० चा कोड येतो. शाळेची घंटा होण्याची वेळ झालेली, मुले मैदानात जमू लागलेली, फोन कानाशी सुरूच. पडद्यावर काय लिहिले आहे ते नीट न वाचता गुरुजी पिन टाकतात आणि साडेनऊ हजार रुपये खात्यातून निघून जातात.

लबाड फोन ठेवीत नाही, हे विशेष ध्यानात घ्यावे. तो गुरुजींपेक्षा अधिक घाबरल्यासारखे दाखवितो. यंत्रात काहीतरी उलटे झाले, साहेब रागावतील, आताच परत करतो, फक्त हाच कोड पुन्हा एकदा स्कॅन करा. गेलेले पैसे परत मिळविण्याच्या आशेने माणूस दुप्पट आंधळा होतो. आणखी साडेनऊ हजार जातात. मग १९,००० चा तिसरा कोड येतो, कारण आता ‘दोन्ही रकमा एकदम परत’ करावयाच्या असतात. हे बोलणे डबा भरीत असलेल्या गुरुजींच्या पत्नीच्या कानावर पडते. ती बाहेर येऊन विचारते, “अहो, पैसे आपल्याला यायचे आहेत ना? मग आपला आकडा कशाला दाबायचा?”

या प्रश्नापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण गुरुजी अशिक्षित नव्हते आणि मूर्खही नव्हते. पूर्वी मनीऑर्डर येई तेव्हा घेणारा काय करी? पोस्टमनने पुढे केलेल्या कागदावर सही करी आणि मग पैसे हातात पडत. पगार घेताना सही, अनुदान घेताना सही, पेन्शन घेताना सही किंवा अंगठा. पैसे घेतानाही घेणाऱ्याला आपली खूण उमटवावी लागते, हा संस्कार दोन-तीन पिढ्यांचा आहे. पिन म्हणजे पावतीवरची सही, असा ग्रह त्यातूनच होतो. वास्तविक पिन ही पावतीवरची सही नसून तिजोरीची किल्ली आहे. यूपीआय ही पद्धत राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ साली सुरू केली, तेव्हापासून तिची रचना अशी आहे की पैसे पाठविणाऱ्यानेच पिन टाकावयाचा असतो. पैसे घेणाऱ्याला काहीही करावे लागत नाही. त्याचा मोबाइल बंद असला, तो झोपेत असला, तरीही रक्कम खात्यात पडते. क्यूआर कोड म्हणजे पाकिटावर लिहिलेला पत्ता होय. त्या पत्त्यावर कोण पाठविणार? जो कोड स्कॅन करतो तो. तेव्हा विकणाऱ्याने कोड दाखवावयाचा असतो आणि घेणाऱ्याने तो स्कॅन करावयाचा असतो. पारडे उलटे झाले की व्यवहार खोटा. ही एवढी एकच गोष्ट पक्की झाली तर या जातीच्या फसवणुकीतील मोठा भाग आपोआप निष्फळ होतो.

पूर्वी याच पद्धतीत एका व्यक्तीने दुसरीकडे पैशाची मागणी धाडण्याची सोय होती; मागणी मान्य करताच पैसे जात. तिचा गैरवापर फार झाल्यामुळे व्यक्ती-व्यक्तींमधील अशी मागणी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. लबाडांनी त्यामुळे धंदा सोडला असे मात्र नव्हे. कोडचे चित्र पाठविणे चालूच आहे. शिवाय ‘पैसे स्वीकारण्यासाठी’ एखादी कळ दाबावयास किंवा एखादे ॲप उतरवून घेण्यास सांगितले जाते. यांपैकी काही ॲपे अशी असतात की ती घेताच दूरच्या माणसाला मोबाइलचा पडदा जसाच्या तसा दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना या प्रकाराविषयी सावध केले होते. कपाट विकण्यासाठी मोबाइलमध्ये नवीन काही घ्यावे लागत नाही, हे साध्या बुद्धीला पटणारे आहे. पण घाईत साधी बुद्धीच प्रथम रजेवर जाते.

दुसरा प्रकार खोट्या पावतीचा. गिऱ्हाईक प्रत्यक्ष दारात येते, सायकल पाहते, भाव ठरतो, मोबाइलवर काहीतरी करते आणि ‘पैसे पाठविले’ म्हणून हिरवी खूण असलेला पडदा दाखविते. तो पडदा बनावट असू शकतो. हुबेहूब तसेच चित्र दाखविणारी खोटी ॲपे निघाली आहेत. किंवा विकणाऱ्याच्या मोबाइलवर बँकेच्या भाषेत लिहिलेला संदेश येतो, पण तो बँकेकडून आलेला नसून गिऱ्हाइकाच्याच साथीदाराने पाठविलेला असतो. याचीच एक पोटजात अशी की संदेशात दोन हजारांऐवजी वीस हजार जमा झाल्याचे दिसते आणि लगोलग रडवेला फोन येतो: एक शून्य जास्त पडले, दवाखान्याचे पैसे होते, अठरा हजार तेवढे परत करा. शिक्षकाचे मन अशा वेळी कळवळते आणि न आलेल्या पैशांतून तो आलेले म्हणून अठरा हजार ‘परत’ करतो. यावर उपाय एकच. दुसऱ्याच्या पडद्यावर आणि आलेल्या संदेशावर न विसंबता आपल्या खात्यातील शिल्लक आपण पाहावी. खेड्यात जाळे येते-जाते. शिल्लक दिसली नाही तर गिऱ्हाइकाला बसावयास सांगावे, चहा द्यावा, पण सायकलीचे कुलूप काढू नये. खऱ्या गिऱ्हाइकाला राग आला तरी तो चहाने जातो. आणि खरोखरच कोणाचे जास्त पैसे आले असतील तर बँकेमार्फत ते परत जाण्याचा मार्ग आहे. फोनवरच्या रडण्याने तो मार्ग आखडता घेण्याचे कारण नाही.

धनादेशाविषयी फार लिहावयास नको. धनादेश खात्यात भरणे आणि तो वटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; वटेपर्यंत वस्तू हलवू नये. न वटल्यास बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत देणाऱ्यास लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने रक्कम न दिल्यास पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली पुढील महिन्याभरात न्यायालयात तक्रार करता येते. मुदती चुकल्या की हा मार्ग अवघड होऊन बसतो. एका सायकलीसाठी इतके करण्यापेक्षा रोख घेणे बरे.

मोटारसायकलीच्या विक्रीत मात्र धोका निराळा आणि दीर्घकाळ टिकणारा आहे. पहिला धोका लगेचचा: गिऱ्हाईक ‘एक फेरी मारून येतो’ म्हणते आणि फेरी संपत नाही. गाडी चालवून पाहू देणे रास्तच आहे. परंतु तत्पूर्वी ठरलेली संपूर्ण रक्कम कोणा विश्वासू माणसाकडे ठेवून घ्यावी, अथवा घरातील कोणीतरी मागे बसावे. त्याने स्वतःची जुनी खटारा गाडी दारात उभी करून ठेवली म्हणून निश्चिंत होऊ नये. तीही चोरीची असू शकते.

दुसरा धोका वर्षा-दोन वर्षांनी उगवतो. पैसे मिळाले, गाडी गेली, नोंदणीपुस्तक दिले, कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या. ‘नाव मी करून घेतो, गुरुजी, तुम्ही कशाला हेलपाटे घालता’ असे गिऱ्हाईक म्हणाले आणि गुरुजींना ते सोयीचे वाटले. नाव काही बदलले गेले नाही. कायद्याच्या दृष्टीने नोंदणीत ज्याचे नाव तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्यात मोटारीच्या मूळ मालकाचे म्हणणे होते की आपण ती २००७ सालीच विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे गेली, २००९ साली अपघात झाला, तरी नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. विकणाऱ्याने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, त्याच राज्यात विक्री झाली असेल तर १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि नाव बदलण्यासाठी नमुना ३० आहे. हे नमुने पूर्ण भरलेले, तारखेसह आणि घेणाऱ्याच्या सहीसह असावेत, कोरे कधीही नसावेत, आणि शक्य तर दोघांनी मिळून परिवहन कार्यालयात एक दिवस घालवावा. किरकोळ रजेचा तो सर्वांत चांगला उपयोग होय. गाडी ताब्यात देताना दिवसाबरोबर वेळही पावतीवर लिहावी, कारण दुपारी विकलेल्या गाडीने संध्याकाळी अपघात केला तर प्रश्न तासांचा येतो.

जुन्या मोबाइलचे गिऱ्हाईक दारावर येते. मोबाइलच्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा प्लॅस्टिकची बादली देणारे फेरीवाले आता पुष्कळ गावांतून हिंडतात. पातेले खरे असते. घेणारा सगळाच लबाड असतो असेही नाही. परंतु तेलंगणात रामगुंडमच्या पोलिसांनी २०२४ साली अशा रीतीने गोळा केलेले हजारो मोबाइल जप्त केले, आणि ते सायबर गुन्हेगारांकडे जावयाचे होते असे तपासात आढळले. ज्या मोबाइलवरून उद्या कोणा म्हाताऱ्याला लुबाडले जाईल त्याचा क्रमांक मूळ खरेदीदाराच्या पावतीशी जुळतो, ही गोष्ट त्या पातेल्याच्या किमतीत धरली पाहिजे. शिवाय आत राहिलेली छायाचित्रे, विद्यार्थ्यांची माहिती, आधारची चित्रे, यूपीआयचे ॲप. मोबाइल देण्यापूर्वी त्यातील सिमकार्ड व स्मृतिपत्र काढावे, गूगलचे खाते काढून टाकावे, मग सर्व पुसून तो कारखान्यातून आला तसा करावा, आणि अनोळखी फेरीवाल्यास न देता पावती देणाऱ्या दुकानदारास द्यावा.

आता दूरच्या ठकांखेरीज जवळच्या लबाडांकडेही वळले पाहिजे, कारण त्यांचा जाच कमी नसतो. फोनवर भाव पक्का करावयाचा, टेम्पो घेऊन यावयाचे आणि दारात आल्यावर ‘दार करकरते, दोन हजार कमी’ म्हणून अडून बसावयाचे. बदलीची तारीख जवळ आली आहे हे ठाऊक असल्यामुळे असे गिऱ्हाईक ऐनवेळी दाबते. यासाठी जाहिरातीत कधीही ‘बदलीमुळे त्वरित विकणे आहे’ असे लिहू नये. वस्तूतील दोष मात्र स्वतःहून आधीच लिहावेत, छायाचित्रातही दाखवावेत. करकरणारे दार आधीच सांगितले असेल तर त्याबद्दल पुन्हा घासाघीस करता येत नाही. दुसरा अर्धे पैसे देतो आणि ‘उरलेले सोमवारी’ म्हणतो. तो पालकांपैकी असतो, कधी शाळा समितीवर असतो, आणि गुरुजींना नाही म्हणवत नाही. भीड भिकेची बहीण असे म्हणतात ते अशाच व्यवहारांवरून. सोमवार कित्येक येतात. तोवर गुरुजी दुसऱ्या तालुक्यात गेलेले असतात. तिसरा वस्तू नेतो आणि आठ दिवसांनी ‘बिघडलेली दिली’ म्हणून परत घेऊन येतो; परत आलेल्या शिलाईयंत्राची मोटार तीच आहे की बदलली आहे, हे कसे सांगणार? येथे दोन ओळींची पावती उपयोगी पडते. वस्तूचे नाव, तिच्यावरील क्रमांक, ‘चालवून पाहिली, आहे तशी घेतली’ हे शब्द, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. शाळेत खडूच्या पेटीचीही नोंद ठेवणारा शिक्षक घरच्या व्यवहारात मात्र कागद करावयास संकोचतो, हे चमत्कारिक आहे.

इतके करूनही फसगत झाली तर काय करावे? वर सांगितलेल्या प्रसंगातील गुरुजींनी प्रथम जे केले ते करू नये. पत्नीच्या प्रश्नाने तिसरा व्यवहार थांबला, फोन बंद झाला. पण एकोणीस हजार गेले होते. गुरुजी शाळेत गेले, परिपाठ घेतला, आणि तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मुलांना व्याजाची गणिते शिकविणारा माणूस पाच रुपयांच्या आमिषाला फसला हे बाहेर कळले तर? सहकारी हसतील, गावात चर्चा होईल, नव्या गावी आधी हीच कीर्ती पोहोचेल. ही लाज समजण्यासारखी आहे. परंतु लबाडाचा सर्वांत मोठा साथीदार तीच. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरतात आणि शेवटी कोठल्यातरी यंत्रातून रोख निघतात. ते कोणत्यातरी खात्यात असतील तोवरच अडवून ठेवता येतात. त्यासाठी २०२१ पासून केंद्र शासनाची व्यवस्था आहे. १९३० या क्रमांकावर फोन केला की तक्रार नोंदून संबंधित बँकांना कळविले जाते. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर घरबसल्याही करता येते. पहिल्या तासाचे मोल येथे तिसऱ्या दिवसापेक्षा कितीतरी अधिक आहे. गुरुजींनी चौथ्या दिवशी पत्नीच्या आग्रहाने फोन केला, तोवर रक्कम निघून गेली होती.

त्याच वेळी आपल्या बँकेसही कळवावे, आणि तेही पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर. गूगलवर शोधून मिळालेला ‘ग्राहकसेवे’चा क्रमांक पुष्कळदा दुसऱ्या ठकाचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जे तत्त्व घालून दिले ते असे: ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. स्वतः पिन टाकलेल्या माणसाला या नियमाने सर्व भरपाई मिळत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. पण पुढील गळती थांबते. पोलिसांकडे जाताना संदेश, कोडचे चित्र, फोन क्रमांक, व्यवहारांचे क्रमांक, खात्याचा उतारा हे सर्व न्यावे. रागाच्या भरात संभाषण पुसून टाकू नये. तोतयेगिरी करून संगणकीय साधनाने फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीस लागते. तक्रार केल्यावर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडे शुल्क भरा’ असा फोन येईल. एकदा फसलेल्याची नावे ठकांमध्ये फिरतात. तो फोनही त्यांचाच.

गुरुजींनी पाचव्या दिवशी ही हकीकत केंद्राच्या बैठकीत सांगितली. हसले कोणी नाही. दोघांनी मात्र बैठक संपल्यावर व्हरांड्यात बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले की आपल्या घरीही असेच झाले आहे. एकाचे फ्रिजचे, दुसऱ्याच्या मेहुण्याचे ट्रॅक्टरच्या टायरचे. त्यांनी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

कपाट अखेर शेजारच्या वाडीतील शिंप्याने नेले. तो सकाळी आला, दार चार वेळा उघडून पाहिले, मागच्या पत्र्यावरचा गंज नखाने खरवडला, वरच्या कप्प्याचे कुलूप लागत नाही म्हणून दोन हजार कमी करा म्हणाला. गुरुजींनी पाचशे केले. तो उठून फाटकापर्यंत गेला आणि परत आला. आठ हजार सहाशेवर सौदा तुटला. “गुरुजी, तुमचा कोड दाखवा,” तो म्हणाला. त्याने आपल्या मोबाइलवर तो स्कॅन केला, हाताचा आडोसा करून आपला आकडा दाबला. गुरुजींनी घरात जाऊन शिल्लक पाहिली, पत्नीलाही दाखविली, आणि मग शिंप्याबरोबर कपाटाच्या एका बाजूला हात लावला.